संगणकातील चोरदरवाजा आणि आपला व्यापार

तारापूर एम.आय.डी.सी.तील गाळा असो, बोईसर स्टेशनजवळचे दुकान असो की पालघरच्या बाजारातील कापडाची पेढी, हिशेबाची वही आता लाल कापडात बांधून कपाटात ठेवलेली राहिलेली नाही. ती संगणकात गेली आहे. जी.एस.टी.चे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे आरटीजीएस, पार्टीचे खाते, उधारीची मुदत, डिझाइनच्या फाइली, कामगारांचे आधार क्रमांक हे सगळे एकाच खोक्यात आहे. पूर्वी गल्ल्याची किल्ली मालकाच्या कमरेला असायची. आज ती किल्ली आणखी कुणाकडे आहे काय, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोडे व्यापारी स्वतःला विचारतात.

व्हायरस हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. व्हायरस आला की मशीन बंद पडते, फाइली उडतात, मग संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावून फॉरमॅट मारून घ्यायचे, असा आपला सर्वसाधारण समज. या समजामुळेच आपण गाफील राहतो. ज्या प्रकाराविषयी आम्ही आज लिहीत आहोत, त्यात मशीन बंद पडत नाही. ते नेहमीसारखे चालू होते, बिले छापते, टॅली उघडते. फक्त आपल्याबरोबर आणखी एक माणूस त्या मशीनवर बसलेला असतो, आणि तो बसला आहे हे आपल्याला दिसत नाही. याला बॅकडोअर म्हणतात. आपल्या भाषेत चोरदरवाजा.

चोरदरवाजा म्हणजे काय

शटरला कितीही मजबूत कुलूप लावले आणि मागच्या भिंतीत कुणी एक छोटे दार पाडून ठेवले, तर ते कुलूप काय कामाचे? बॅकडोअर हा असाच एक छोटा प्रोग्राम असतो. तो एकदा मशीनमध्ये बसला की दूरवरचा माणूस, तो मुंबईत असो की दुसऱ्या खंडात, आपला पडदा पाहू शकतो, आपण टंकलेले प्रत्येक अक्षर नोंदवू शकतो, फाइली उचलू शकतो, नव्या फाइली ठेवू शकतो, कॅमेरा व माइक चालू करू शकतो आणि हवा तो दुसरा प्रोग्राम आणून बसवू शकतो.

हा प्रकार नवा नाही. १९९८ साली नेटबस व बॅक ऑरिफिस या नावांचे दोन प्रोग्राम आले आणि दूर बसून दुसऱ्याचे विंडोज चालवणे पोरासोरांच्या हातात आले. बॅक ऑरिफिस बनवणारे म्हणत की विंडोज किती कच्चे आहे हे दाखवण्यासाठी आम्ही हे केले. नेटवायर नावाचा असाच एक प्रोग्राम पुढे कित्येक वर्षे उघडपणे इंटरनेटवर विकला जात होता. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याचे संकेतस्थळ जप्त केले व क्रोएशियात एकाला अटक झाली. म्हणजे हा माल तयार मिळतो. तो वापरण्यासाठी मोठा विद्वान असावे लागत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दूरवरून संगणक चालवणे ही मुळात चोरी नव्हे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही साधने आपण रोज वापरतो. टॅलीवाला आपल्या कार्यालयातून आपले मशीन दुरुस्त करतो तो त्यांच्याच मदतीने. फरक फक्त परवानगीचा आहे. पण परवानगीही फसवून घेता येते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या नावानिशी सावधगिरीची सूचना काढली होती. बँकेतून बोलतो असे सांगून लोकांना ते साधन फोनमध्ये घ्यायला लावायचे, त्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारायचा आणि मग खाते रिकामे करायचे, असा तो प्रकार होता. साधन खरे, कंपनी खरी, दरवाजा मात्र चोरासाठी उघडलेला, आणि तोही घरमालकाने आपल्या हाताने.

आत येतो कसा

याबाबत आम्ही जितके वाचले व जाणकारांकडून ऐकले, त्यावरून एक गोष्ट पक्की झाली. दरवाजा बहुतेक वेळा आतून उघडला जातो. बाहेरून भिंत फोडण्याची चोराला क्वचितच गरज पडते.

सर्वांत चालणारा मार्ग ई-मेलचा. कापडाच्या व्यापारात रोज दहा अनोळखी मेल येतात. कुणी दर मागतो, कुणी सॅम्पल मागतो, कुणी परचेस ऑर्डर पाठवतो. गिऱ्हाईक नवे असले तरी उघडून पाहावेच लागते, नाहीतर धंदा कसा होणार? चोराला हे ठाऊक असते. तो ऑर्डर, बिल, बँकेची पावती किंवा कर खात्याची नोटीस अशा नावाची फाइल पाठवतो. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग आपल्याला सहसा दाखवत नाही. त्यामुळे जी फाइल बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असते, ती आपल्याला फक्त बिल डॉट पीडीएफ दिसते. चित्रही पीडीएफचेच लावलेले. आपण दोनदा दाबतो, क्षणभर काही होत नाही, आपण म्हणतो फाइल खराब आहे, आणि पुढच्या कामाला लागतो. तेवढ्यात तो आत बसलेला असतो.

वर्ड व एक्सेलच्या फाइलीत मॅक्रो नावाचा भाग असतो, तोही याच कामाला वापरत. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप बंद करायला सुरुवात केली. म्हणून चोरांनी आता पासवर्ड लावलेल्या झिप फाइली पाठवण्याचा मार्ग धरला आहे. पासवर्ड असल्यामुळे मेलची तपासणी करणाऱ्या यंत्रणेला आत पाहता येत नाही. मेलमध्येच पासवर्ड लिहून देणाऱ्या माणसाला नक्की कुणापासून काय लपवायचे आहे, याचा विचार करावा.

दुसरा मार्ग आपल्या भागात फार चालतो आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. तो म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर. विंडोज, टॅली, कोरल ड्रॉ, भरतकामाच्या डिझाइनचे महागडे प्रोग्राम, यांच्या क्रॅक केलेल्या प्रती पेनड्राइव्हवरून एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात फिरतात. चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्यापैकी जे संगणकावर नक्षी काढतात, त्यांनाही कुणीतरी असा प्रोग्राम टाकून देतो. क्रॅक टाकताना पहिली सूचना कोणती असते? अँटिव्हायरस बंद करा. राखणदाराला बाहेर काढून मगच आत घ्या, असे जो पाहुणा सांगतो त्याला आपण घरात घेऊ काय? चोरीचा माल दुकानात ठेवायचा नाही, हा आपल्या व्यापाराचा जुना दंडक आहे. तो संगणकालाही लागू आहे.

तिसरा मार्ग सोयीचा. टॅली घरून पाहता यावे म्हणून कुणी ऑफिसचे मशीन रात्रंदिवस दूरवरून उघडे ठेवतो. पासवर्ड दुकानाचे नाव आणि एक दोन तीन. मुनीम नोकरी सोडून जातो, संगणक दुरुस्त करणारा बदलतो, पासवर्ड मात्र तोच राहतो. सी.सी.टी.व्ही.च्या डब्याचेही तसेच. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलतच नाही. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातील असे लाखो कॅमेरे व राउटर केवळ ठरावीक पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते.

बसतो कसा आणि बोलतो कसा

आत आलेला प्रोग्राम पहिले काम करतो ते मुक्काम पक्का करण्याचे. संगणक सुरू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची एक यादी विंडोजमध्ये असते. तो स्वतःचे नाव त्या यादीत घालतो. नावही असे घेतो की विंडोजचाच भाग वाटावा. म्हणून संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी तो जात नाही.

त्यानंतर तो आपल्या मालकाला निरोप पाठवतो. ही त्याची युक्ती नीट समजून घ्यावी. आपल्या एम.आय.डी.सी.तील कारखान्याच्या गेटवर वॉचमन असतो. बाहेरून येणाऱ्याला तो अडवतो, नाव विचारतो. आपल्या इंटरनेटचा राउटर हाही असाच वॉचमन आहे. पण कारखान्यात माल बाहेर जातानाही गेटपास लागतो, तसा गेटपास राउटर सहसा मागत नाही. आतून बाहेर जाणाऱ्याला तो जाऊ देतो. म्हणून चोर बाहेरून आत येण्याचा प्रयत्न करत नाही. आत बसलेला त्याचा माणूसच दर काही मिनिटांनी किंवा तासांनी बाहेर फोन करतो आणि विचारतो, काही हुकूम आहे काय? हुकूम नसेल तर पुन्हा गप्प. हा फोनही तो त्याच वाटेने करतो, ज्या वाटेने आपण साधी संकेतस्थळे पाहतो. गर्दीच्या लोकलमध्ये एक माणूस अधिक चढला तर कुणाला कळणार?

ज्या ठिकाणाहून हुकूम येतात तो संगणक बहुधा कुणा तिसऱ्याचाच, तोही असाच ताब्यात घेतलेला असतो. त्यामुळे धागा धरून चोरापर्यंत पोहोचणे पोलिसांना अवघड जाते. आणि आपले मशीनही उद्या दुसऱ्या कुणाला लुबाडण्यासाठी असेच वापरले जाऊ शकते.

घाई न करणारा चोर

खिसेकापू घाईत असतो. हा चोर घाईत नसतो. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. २०१५ च्या सुरुवातीला तेथील कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाचे मेल आले. पैसे गेले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. म्हणजे वर्षभर तयारी चालली. गुरुवारी रात्र निवडली, कारण शुक्रवारी तेथे सुट्टी. १० कोटी १० लाख डॉलर बाहेर गेले. त्यांपैकी श्रीलंकेला गेलेले २ कोटी अडवले गेले, बाकी फिलिपिन्समध्ये पोहोचले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ही बँक १९०६ साली स्थापन झालेली, जुनी व नावाजलेली. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. त्या दिवशी दुपारनंतर काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात आणखी २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे झाले कसे? एटीएममध्ये कार्ड टाकले की बँकेच्या मुख्य संगणकाला विचारले जाते, या खात्यात पैसे आहेत काय, देऊ काय? चोरांनी आत शिरून या दोघांच्या मध्ये आपला खोटा दुवा बसवला होता. एटीएमचा प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोहोचतच नव्हता. मध्येच बसलेला खोटा मुनीम प्रत्येक वेळी होकार देत होता. खातेदारांच्या खात्यांना त्यामुळे हात लागला नाही, फटका बँकेला बसला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. पण ही मंडळी बनावट कार्डे घेऊन एटीएमपर्यंत गेलेली होती. दूर बसून संगणक चालवणारे हात मात्र त्यांत नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने त्यांचा माग उत्तर कोरियाकडे दाखवला.

बँकांचे आकडे ऐकून आपला छोटा व्यापारी म्हणतो, आमच्याकडे काय आहे चोरून न्यायला? तेव्हा त्याच्याच गल्ल्याचा हिशेब पाहू. समजा, तारापूरच्या एका विव्हिंग युनिटने सुरतच्या धागा व्यापाऱ्याकडून माल उचलला. साठ दिवसांची उधारी. चोर महिनाभरापासून युनिटच्या मेलमध्ये बसलेला आहे. कोणाचे किती देणे आहे, कोणत्या तारखेला द्यायचे, शेठ मेलमध्ये कोणत्या शब्दांत बोलतात, सगळे तो वाचतो. तारखेच्या दोन दिवस आधी सुरतच्या पार्टीच्या नावाने मेल येतो. बिल तेच, रक्कम तीच, लेटरहेड तेच. फक्त लिहिलेले असते की ऑडिटच्या कारणाने आमचे जुने खाते बंद आहे, या नव्या खात्यात भरणा करा. मुनीम आरटीजीएस करतो. आठवड्याने सुरतहून फोन येतो, शेठ, पैसे आले नाहीत. इकडे पैसे गेलेले, तिकडे मिळालेले नाहीत. देणे अजून देणेच आहे, आणि वीस वर्षांच्या संबंधात संशय शिरला तो वेगळाच. आपल्या धंद्यात मालापेक्षा जबान मोठी. या चोरीत नेमकी तीच जाते.

या एका फसवणुकीवर औषध सोपे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की आपल्या जुन्या डायरीतील क्रमांकावर फोन करून माणसाचा आवाज ऐकावा. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये, तो चोराचाच असू शकतो. यात पार्टीचा अपमान होत नाही. आम्ही तर म्हणतो, आपल्या बिलावरच छापून टाकावे की आमचे खाते बदलल्यास आम्ही समक्ष किंवा फोनवर कळवू, मेलवर नाही.

विश्वासाच्या मालातून आलेला चोर

काही वेळा सावध माणसाचीही गाठ पडते. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचे हिशेबाचे व कराचे सॉफ्टवेअर फार चालत असे, जसे आपल्याकडे टॅली. २०१७ साली चोरांनी त्या कंपनीतच शिरून तिच्या अपडेटमध्ये चोरदरवाजा घालून ठेवला. दुकानदारांनी आणि कंपन्यांनी विश्वासाने अपडेट घेतले. २७ जून २०१७ रोजी त्याच वाटेने नॉटपेट्या नावाचा नाशकारी प्रोग्राम सोडण्यात आला. मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात तो पसरला. आणि त्याचा फटका थेट आपल्या दारात, न्हावा शेवाला बसला. जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्कच्याच समूहातील. तेथील कंटेनरची चढ-उतार संगणकाअभावी विस्कळीत झाली, गाड्या खोळंबल्या. तारापूरचा निर्यातीचा मालही न्हावा शेवामार्गे जातो, त्यामुळे हा दुसऱ्याचा विषय राहत नाही. मर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर व ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर सांगितला.

म्हणून अपडेट घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. जुन्या सॉफ्टवेअरमधील भगदाडे चोरांना तोंडपाठ असतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ चा तर जानेवारी २०२० मध्येच. बँकेचे काम अशा मशीनवर करत राहणे म्हणजे कुजलेल्या दाराला नवे कुलूप लावणे. युक्रेनच्या प्रकारातून घ्यायचे ते एवढेच की हिशेबाची एक प्रत नेहमी संगणकापासून तोडून ठेवलेल्या डिस्कवर असावी. जोडून ठेवलेली प्रत मूळ मशीनबरोबरच बुडते.

येथे एक पथ्य. प्रत्येक बिघाडामागे चोरदरवाजा शोधू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज गेली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन कंपनीने भारताच्या वीज यंत्रणेत शॅडोपॅड नावाच्या बॅकडोअरच्या खुणा दिसल्याचे सांगितले. राज्यातील मंत्र्यांनी सायबर हल्ल्याचा संशय व्यक्त केला, केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. खुणा असणे एक आणि त्यामुळेच वीज गेली हे सिद्ध होणे दुसरे. बाजारात अफवा पसरवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

अणुवीज केंद्राकडून शिकण्यासारखे

आपल्या तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. ते भारतीय अणुऊर्जा महामंडळाचे. याच महामंडळाचे दुसरे केंद्र तामिळनाडूत कुडनकुलम येथे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने महामंडळाला कळवले की तुमच्या यंत्रणेत डीट्रॅक हा प्रोग्राम आढळला आहे. डीट्रॅक हा असाच दूरवरून चालणारा, फाइली व टंकलेली अक्षरे गोळा करणारा प्रोग्राम. भारतातील वित्तीय व संशोधन संस्थांत तो फिरत असल्याचे कॅस्परस्की कंपनीने त्याच महिन्यात जाहीर केले होते. केंद्रात प्रथम इन्कार झाला, पण दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबर २०१९ रोजी, महामंडळाने कबूल केले की होय, एका मशीनमध्ये तो होता. मात्र ते मशीन प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यातील होते. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा त्या जाळ्यापासून तोडलेली आहे, तिला धक्का लागला नाही.

इन्कार करण्याची घाई आम्हाला पटली नाही. पण यातली मुख्य गोष्ट महत्त्वाची आहे. एवढ्या मोठ्या संस्थेच्या मशीनमध्येही चोर शिरला. तो शिरणारच नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण शिरल्यावर तो जिथे शिरला तिथेच राहिला, कारण दोन कामांच्या तारा वेगळ्या होत्या.

हेच आपल्या गाळ्यात करता येते. बँकेचे व जी.एस.टी.चे काम ज्या मशीनवर होते, त्यावर दुसरे काहीही करू नये. मेलमधील फाइली नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप नाही, सिनेमा नाही, पाहुण्याचा पेनड्राइव्ह नाही, मुलांचे गेम नाहीत. एक साधा लॅपटॉप पुरतो, फक्त विंडोज आधार चालू असलेले व खरे असावे. अनोळखी मेल व सॅम्पलच्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडाव्यात. सी.सी.टी.व्ही. व पाहुण्यांचे वाय-फाय बँकेच्या मशीनपासून वेगळे करून घ्यावे, चांगल्या राउटरमध्ये ही सोय असते. मुनीमाला साध्या वापरकर्त्याचे खाते द्यावे, मालकीचे नाही. साध्या खात्यातून नवा प्रोग्राम बसवताना मशीन मालकाचा पासवर्ड मागते, आणि बरेचसे चोर त्या उंबरठ्यावर अडकतात. चालू खात्यावर बहुतेक बँका दोन माणसांची सोय देतात, एकाने रक्कम भरायची व दुसऱ्याने मंजूर करायची. मंजुरी वेगळ्या मशीनवरून किंवा फोनवरून द्यावी, नाहीतर दोन सह्या एकाच हाताच्या झाल्या.

अँटिव्हायरस जरूर असावा. पुण्याची क्विक हील कंपनी कैलास काटकर या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या छोट्या दुकानातून उभी राहिली, हे कारागीर बांधवांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर मशीन तपासण्याची साधने मोफत मिळतात. तरीही अँटिव्हायरस ओळखतो ते बहुतांशी पूर्वी पाहिलेल्या चोरांना. नवा चोर त्याच्या समोरून जातो.

आरोप आपल्यावर येतो तेव्हा

पैशाच्या पलीकडचे एक नुकसान आहे, त्याची चर्चा व्यापारी वर्तुळात होत नाही. जो फाइल उचलू शकतो तो फाइल ठेवूही शकतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील एका कायद्याच्या अभ्यासकाच्या कामाच्या संगणकावर १९९९ साली हजारो आक्षेपार्ह चित्रे सापडली. नोकरी गेली, नाव गेले, देश सोडावा लागला. २००४ साली न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, कारण त्याचे मशीन नेटबसद्वारे दुसराच कुणी चालवत होता. मधली पाच वर्षे कुणी परत देऊ शकले नाही.

आपल्या राज्यातील भीमा कोरेगाव प्रकरणातही हाच प्रश्न उभा राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेचा अहवाल पुढे आला. आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये जून २०१६ मध्ये ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या मेलद्वारे नेटवायर शिरले, सुमारे २२ महिने ते मशीन दुसऱ्याच्या ताब्यात होते आणि कागदपत्रे बाहेरून ठेवली गेली, असे त्यात म्हटले आहे. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. निवाडा न्यायालय करील. आमचा मुद्दा एवढाच की आपल्या मशीनमध्ये काय आहे याचा जबाब आपल्यालाच द्यावा लागतो, आणि ते आपण ठेवले नाही हे सिद्ध करणे फार कठीण, फार खर्चाचे असते.

फोन हाही संगणकच

आज बरेच कारागीर बंधू संगणक ठेवत नाहीत, सगळा व्यवहार फोनवर. चोरदरवाजा फोनमध्येही बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीचे ई-चलन, लग्नाची पत्रिका किंवा बँकेची के.वाय.सी. या नावाने एपीके फाइल येते. ती ओळखीच्या माणसाकडूनही येऊ शकते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. एपीके म्हणजे कागद नव्हे, तो फोनमध्ये बसणारा प्रोग्राम आहे. तो एसएमएस वाचण्याची परवानगी मागतो, आपण देतो, आणि मग बँकेचा ओ.टी.पी. आपल्याआधी चोराला पोहोचतो. लग्नाची पत्रिका प्रोग्राम बसवायला सांगत नाही. चलनही सांगत नाही.

संशय आला तर

कर्सर आपोआप हलणे, आपण न पाठवलेले मेल गेलेले दिसणे, अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला असणे, मेलमध्ये आपण न घातलेला नियम दिसणे, ज्याने बँकेची पत्रे भलत्याच पत्त्यावर जातात, अशी काही चिन्हे असतात. त्यातले काही दिसले तर प्रथम इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे. वाट तुटली की हुकूम येणे थांबते. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून बँकेला कळवावे, पासवर्ड बदलावेत. त्याच मशीनवर बदललेला नवा पासवर्ड चोराला लगेच कळतो.

पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, अगदी त्याच तासात. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहात पळत असतो. तो मध्येच रोखता आला तरच हाती लागतो. सुट्टीचा दिवस आहे, सोमवारी पाहू, असे म्हणू नये, चोराने सुट्टी पाहूनच काम केलेले असते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांत कळवण्याच्या वेळेवरच जबाबदारी ठरवली होती. ना बँकेची ना खातेदाराची चूक असेल व तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर खातेदारावर बोजा नाही. खातेदाराची हयगय असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून तक्रार केल्याची वेळ व तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

आणि फॉरमॅट मारण्याची घाई करू नये. संगणक दुरुस्त करणारा येतो, अर्ध्या तासात सगळे पुसून मशीन नवे करून देतो, आपण खूष होतो. पण कोणती फाइल कधी आली, कुठे फोन केला गेला, याचा पुरावा त्या डिस्कमध्येच होता. मशीन बंद करून बाजूला ठेवावे, आलेला मेल खोडू नये, बँकेचे विवरण व मेलची छापील प्रत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. काम अडू नये म्हणून त्या मशीनमध्ये नवी डिस्क घालून घेता येते. जुनी डिस्क पाकिटात घालून, तारीख लिहून, तिजोरीत.